रात्रीचा मुक्काम घरातूनच ठरवा

मे महिन्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी आणि शादीचा मोसम, या तीन वेळी आपली कुटुंबे गाडी काढून लांबच्या सफरीला निघतात. निघण्याआधी आठ दिवस यादी चालते. डबे, पाण्याच्या बाटल्या, मुलांचे कपडे, आहेर, अम्मीची औषधे, जानमाज. रात्री झोपायचे कुठे, हा विषय मात्र यादीत नसतो. "इशा पढून निघू, फजरला पोहोचू, रस्ताही मोकळा मिळेल," असे घरातला कर्ता माणूस म्हणतो आणि सगळे मान डोलावतात. लॉजचे दोन-अडीच हजार वाचतात, मुले गाडीतच झोपतात, ऊनही लागत नाही.

जागा राहतो तो फक्त गाडी चालवणारा. दिवसभर शाळेत, दुकानात किंवा कारखान्यात राबून, संध्याकाळी सामान गाडीत भरून तो रात्री दहाला स्टिअरिंगवर बसतो. माणसाच्या शरीराला रात्री दोन ते पाचच्या दरम्यान सर्वांत जड झोप येते. चहा प्या, खिडकी उघडा, गाणी लावा, तोंडावर पाणी मारा, शरीर आपला हक्क मागतेच. आम्ही वर्गात मुलांना वेगाची उदाहरणे घालतो, त्यातलेच एक इथे घालू. ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ३३ मीटर जाते. चालकाचा डोळा फक्त तीन सेकंद लागला तर गाडी १०० मीटर पुढे गेलेली असते आणि तेवढे अंतर तिला कोणीच चालवलेले नसते.

या लेखासाठी आम्ही समृद्धी महामार्ग घेतला आहे, कारण आमचे जाणे-येणे त्याच रस्त्याने असते. आम्ही कल्याणला राहतो आणि जवळचे नातेवाईक नागपूरजवळच्या कामठीत आहेत. हा महामार्ग ७०१ किलोमीटरचा. नागपूर ते शिर्डी हा पहिला मोठा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ रोजी. आमणे भिवंडीजवळ आहे, म्हणजे ठाणे जिल्ह्यातल्या आपल्या लोकांना रस्ता आता दारात आला. आठ तासांत नागपूर, असे सांगितले जाते. नकाशावर ते खरेही आहे. पण गाडीत सत्तरीची अम्मी, दोन लहान मुले, नमाजाच्या वेळा आणि डब्याचा थांबा धरला तर आम्हाला आजवर अकरा तासांच्या आत कधी पोहोचता आलेले नाही. अकरा तास एका माणसाने एका दमात गाडी हाकायची आणि तीही रात्री, हा हिशेब बसत नाही.

या रस्त्यावरच्या दोन अपघातांच्या बातम्या वाचकांना आठवत असतील. १ जुलै २०२३ च्या रात्री बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सैलानी बाबांच्या दर्ग्याची जियारत करून नाशिककडे परतणारी मिनी बस वैजापूरजवळ ट्रकवर आदळली, त्यात १२ जण दगावले. दोन्ही अपघातांच्या कारणांवर बरीच चर्चा झाली आणि ती कारणे सारखी नव्हती. दोन्हींची वेळ मात्र मध्यरात्रीच्या पुढेमागेच होती. दुसऱ्या अपघातातली माणसे तर आपल्यासारखीच घरातल्या बाया-मुलांना घेऊन निघालेली होती.

आता रस्त्याच्या स्वभावाविषयी. जुना रस्ता गावागावांतून जायचा. डोळे जड झाले की पुढच्या गावात मशिदीचा मिनार दिसायचा, शेजारी टपरी असायची, एखादी लॉजची पाटी असायची. थांबायला काही ठरवावे लागत नव्हते. समृद्धीला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे. ठरलेल्या इंटरचेंजवरच चढता येते आणि ठरलेल्या इंटरचेंजवरच उतरता येते. मधे पेट्रोल पंप आहेत, तिथे लघवीची सोय आहे, चहा-बिस्किटे मिळतात, पण अंग टाकायला खाट नाही. एक उतार चुकला की पुढचा वीस-तीस किलोमीटरवर. थकलेल्या माणसाला तेवढेही जड जाते, मग तो गाडी कडेला लावून सीट मागे करतो. हे तर सर्वांत धोक्याचे. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याचे डोळेही तितकेच जड असतात. मुसाफिराने रात्री उतरताना वाटेवर न थांबता बाजूला उतरावे, अशी ताकीद हदीसमध्ये आलेली आहे. तेव्हा वाटेवर जनावरांचे भय होते, आज कंटेनरचे आहे.

म्हणून मुक्काम घरातून ठरवायचा, आणि ठरवताना गावाआधी इंटरचेंज ठरवायचा.

इथे मोबाइलचा नकाशा दोन ठिकाणी फसवतो. मराठीत आपण चहा-भजीच्या दुकानालाही हॉटेल म्हणतो, त्यामुळे 'हॉटेल' शोधले की निम्मी नावे मिसळ आणि झुणका-भाकरीची येतात. शोधताना 'लॉज' किंवा 'रूम' असा शब्द टाकावा. दुसरे म्हणजे नकाशावर महामार्गाला अगदी चिकटून, एका किलोमीटरवर लॉज दिसतो. तो कुंपणाच्या पलीकडे असतो. तिथे जायला पुढच्या इंटरचेंजवर उतरून गावरस्त्याने मागे यावे लागते. म्हणून लॉज महामार्गापासून किती लांब हे न बघता इंटरचेंजच्या टोलनाक्यापासून रस्त्याने किती किलोमीटर ते बघावे. आठ-दहा किलोमीटरच्या आत असेल तर ठीक. एक चांगली गोष्ट अशी की समृद्धीवर टोल अंतरावर आहे. जेवढे चाललात तेवढे उतरताना कापले जातात. रात्री उतरलात आणि सकाळी पुन्हा चढलात म्हणून टोल दुप्पट होत नाही. "मधेच उतरलो तर पुन्हा टोल भरावा लागेल" ही भीती अनेकांना असते, ती काढून टाकावी.

मुंबईकडून जाताना इगतपुरीला डोंगर आणि थंड हवा आहे, पण तिथे निघाल्यावर तासा-दीड तासातच पोहोचतो, आणि शनिवार-रविवारी सहलवाल्यांची गर्दी व दर दोन्ही वाढतात. त्यानंतर शिर्डीचा उतार. आपली माणसे शिर्डीचे नाव काढले की बिचकतात. बिचकण्याचे कारण नाही. यात्रेकरूंचे गाव असल्याने खोल्या भरपूर, मुक्कामाला येणारी बहुतेक कुटुंबेच, आणि पहाटेच्या आरतीला जाणाऱ्यांसाठी चार-साडेचारपासून गरम पाणी मिळते, म्हणजे फजरलाही मिळते. जेवण शाकाहारी घ्यावे, त्यात बिघडत काही नाही. फक्त गुरुवार, रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि लागून आलेल्या सुट्ट्या टाळाव्यात.

आमची पसंती छत्रपती संभाजीनगरला, आपल्या घरांत अजून औरंगाबादच म्हणतात. आमण्यापासून सुमारे २६० किलोमीटर. जोहर पढून घर सोडले, असरला एक थांबा घेतला तर उन्हाळ्यात मगरिबच्या आत पोहोचतो. शहरासाठी उतार एकाहून जास्त आहेत आणि नवखा माणूस इथेच गोंधळतो. माळीवाड्याचा उतार दौलताबादच्या बाजूला आहे. खुलताबादच्या दर्ग्यांना किंवा वेरूळला जायचे असेल तर तो सोयीचा. सावंगीचा उतार अजिंठा रस्त्यावर आहे, तिथून हर्सूलवरून शहरात शिरता येते. शेंद्र्याचा उतार जालना रस्त्यावर आहे, औद्योगिक वसाहतीमुळे त्या बाजूला कंपन्यांच्या कामाने येणाऱ्यांसाठी बांधलेली साधी, स्वच्छ हॉटेले सापडतात. ज्याला शहरात फिरायचे नाही, फक्त झोपायचे आहे, त्याने त्याच बाजूला राहावे. मुलांना नान-कलिया खायला घालायचा असेल तर मात्र शहरात जावेच लागेल, आणि आमच्या घरी हा प्रश्न मतदानाला टाकला की निकाल आधीच ठरलेला असतो.

सकाळी वेळ असला तर मुलांना पाणचक्की दाखवावी. बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा तिथेच आहे. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी नळातून आणून त्या पाण्यावर चक्की फिरवायची आणि त्या पिठाच्या रोट्या फकिरांना व वाटसरूंना खाऊ घालायच्या, अशी ती व्यवस्था होती. मशीद, मदरसा आणि उतरायची सराय एकाच आवारात. त्या काळी वाटसरूची रात्र ही गावाची जबाबदारी मानत. आता ती आपल्यालाच फोनवर पार पाडावी लागते.

नागपूरकडून परतताना हिशेब उलटा होतो. वलीमा दुपारचा असतो, निरोप घेता घेता तीन वाजतात. मग संभाजीनगर गाठायला रात्रीचे नऊ होतात. अशा वेळी आम्ही जालन्याला उतरतो. इंटरचेंजपासून शहर जवळ, वस्ती मोठी, आपल्या लोकांच्या खानावळीही मिळतात. कारंजा, मेहकर ही गावे वाटेत आहेत, पण तिथे पर्याय थोडे, म्हणून आधी फोन केल्याशिवाय त्यांच्या भरवशावर राहू नये.

फोन हा या सगळ्याचा गाभा आहे. मोबाइलवरून बुकिंग करून 'पैसे हॉटेलवर' असा पर्याय घेतला की काम झाले असे वाटते. पण लहान गावातला मालक ते बुकिंग बघतोच असे नाही. आम्ही संगणकावर खोल्या शोधतो, पण नंबर काढून थेट बोलतो, आणि निघण्याच्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा बोलतो. विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. खाली परमिट रूम आहे का? हे पहिले. असेल तर गोडीत आभार मानून फोन ठेवायचा. त्या रात्री आवारातल्या लॉनवर लग्न आहे का? हे दुसरे, आणि हे फार कमी लोक विचारतात. महामार्गावरच्या हॉटेलांचे खरे उत्पन्न लॉनचे असते, आणि लॉनवर डीजे असला की खोलीचे भाडे पाण्यात. पाणी गरम कधीपासून, गीझर खोलीत आहे की बादली मागवावी लागते? अम्मीसाठी खोली तळमजल्यावर मिळेल का, कमोड आहे का? गाडी आवारात राहील का आणि रात्री फाटक लागते का? जादा गादीचे किती? चेक-आउट दुपारी बारालाच, की आल्यापासून चोवीस तास?  उत्तरे देताना समोरचा वैतागला, तर तिथली व्यवस्थाही तशीच असणार असे समजावे.

आणखी एक कारण आहे, ते आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही, पण लिहायला हवे. गेल्या वर्षी एका गावातल्या हॉटेलवाल्याने दोन खोल्या आहेत म्हणून आनंदाने सांगितले. गाडीचा नंबर घेतला, किती माणसे ते विचारले, शेवटी नाव विचारले. दहा मिनिटांनी त्याचा फोन आला, खोल्या आधीच गेल्या होत्या, लक्षात नव्हते. खरेच गेल्या असतील. नसतीलही. आम्ही त्या वेळी घरी पंख्याखाली बसलो होतो, समोर चहा होता. यादीतला दुसरा नंबर लावला आणि पाच मिनिटांत काम झाले. हेच उत्तर रात्री साडेदहाला काउंटरवर मिळाले असते, खांद्यावर झोपलेले मूल आणि गाडीत गुडघे धरून बसलेली अम्मी असती, तर त्या रात्री पुढे गाडी हाकण्यावाचून काय उरले असते? म्हणून आम्ही पहिल्याच वाक्यात पूर्ण नाव सांगतो. नाही म्हणायचे असेल त्याने फोनवरच म्हणावे, आपला वेळ वाचतो. आणि पंधरा फोनांत असा एखादाच निघतो, हेही तितकेच खरे. ज्या 'शुद्ध शाकाहारी' हॉटेलात आम्ही त्या रात्री उतरलो, तिथल्या मालकाने अम्मीच्या हातातली जानमाज बघून न विचारता सांगितले, "मावशी, पश्चिम या खिडकीकडे आहे." आणि पोऱ्याला धुतलेली चादर आणायला पाठवले. महाराष्ट्रातून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. मोबाइलमधला होकायंत्र चालतो, पण लोखंडी पलंगाजवळ धरू नये, काटा भरकटतो.

अशा हॉटेलात आपला मांसाहारी डबा जेवणाच्या हॉलमध्ये उघडू नये. खोलीत चालेल का ते विचारावे, नाही म्हणाले तर वाटेतच संपवून यावे. आमच्याकडे पहिल्या दिवशीच्या डब्यात शामी कबाब, चपात्या आणि कैरीचे लोणचे असते. ते असरच्या थांब्यावर संपते, मग रात्री वरण-भात पोटाला बरा वाटतो.

कागदपत्रांचे थोडक्यात. प्रत्येक मोठ्या माणसाचे ओळखपत्र लागते, एकट्या कर्त्याचे चालत नाही. झेरॉक्स सोबत ठेवाव्यात. आखातातून सुट्टीवर आलेल्या भावाचा पासपोर्ट भारतीय असेल तर अडचण नाही. पण लंडनची फुफी किंवा तिकडे जन्मलेली भाचरे सोबत असतील, त्यांचा पासपोर्ट परदेशी असेल, तर हॉटेलला त्यांची नोंद चोवीस तासांत कळवावी लागते. लहान हॉटेलांना ती सवय नसते आणि ती काउंटरवर हात वर करतात. हेही फोनवरच विचारून घ्यावे.

नमाजाच्या बाबतीत मुक्कामाचा फायदा फार मोठा आहे. रात्रभर गाडी चालली की फजरची वेळ नेमकी कुंपणाच्या आत गाठते, पुढचा उतार येईपर्यंत उजाडते. खोलीत इशा आणि फजर दोन्ही निवांत होतात. सफरीत जोहर, असर आणि इशाच्या चार फर्जांचे दोन होतात, फजर आणि मगरिब आहेत तशाच राहतात. आमच्या गाडीत कोकणातले शाफई आणि मराठवाड्यातले हनफी असे दोन्ही असतात. शाफईंना जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र करण्याची मुभा असल्याने ते थांब्यावर मोकळे होऊन चहा पीत बसतात आणि हनफी मंडळी पुढच्या वेळेसाठी पुन्हा थांबा मागतात. थांबे ठरवताना दोघांचा हिशेब धरला की वाद होत नाही. शिवाय दर दोन तासांनी थांबणे चालकासाठी चांगलेच.

इतर रस्त्यांवर मुक्काम शोधणे यापेक्षा सोपे आहे. पुण्याहून बेंगळुरूकडे जाताना सातारा, कराड, कोल्हापूर, बेळगाव या गावांच्या कडेला सर्व्हिस रोडवरच हॉटेले दिसतात. अजमेरची सफर हजार किलोमीटरहून मोठी, तिथे एक मुक्काम पुरत नाही, अहमदाबाद आणि उदयपूर असे दोन धरावेत. उरुसाच्या दिवसांत तिकडच्या खोल्या दोन महिने आधी बघाव्यात. राष्ट्रीय महामार्गांवर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे, पोलिसांसाठी ११२ आणि आपल्या राज्यात रुग्णवाहिकेसाठी १०८. हे तिन्ही गाडीत काचेवर चिकटवून ठेवावेत, कारण घाईच्या वेळी ते आठवत नाहीत.

राहता राहिला भाड्याच्या गाडीचा प्रश्न. शादीला जाताना दहा-बारा माणसे असली की आपण गाडी ड्रायव्हरसकट ठरवतो. कुटुंबासाठी तीन खोल्या घेतल्या जातात, आणि ड्रायव्हर गाडीतच सीट मागे करून झोपतो. डास, उकाडा, काचा उघड्या ठेवाव्यात तर चोरीची भीती. सकाळी सहाला आपण ताजेतवाने होऊन बसतो आणि चारशे किलोमीटरसाठी आपली मुले त्या न झोपलेल्या माणसाच्या हाती देतो. अनेक हॉटेलांत ड्रायव्हरसाठी वेगळी खोली किंवा निदान पंखा आणि गादी असलेला हॉल असतो, मागितल्याशिवाय ते दाखवत नाहीत. आम्हाला आजवर त्याचे तीनशे ते पाचशे रुपये पडले आहेत. गाडीवाला जो रात्रीचा भत्ता लावतो, त्यात ड्रायव्हरचे अंथरूण धरलेले नसते. म्हणून खोल्यांचा फोन करतानाच ड्रायव्हरची गादी सांगून ठेवावी, आणि पोहोचल्यावर आपले सामान वर नेण्याआधी ती कुठे आहे ते जाऊन बघावे.